कॉफीच्या पुड्यावरची उंची

मिठाच्या पुड्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची छापलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? साखरेच्या, डाळीच्या किंवा पिठाच्या पिशवीवर? नाही ना? वजन असते, किंमत असते, तारीख असते. पण उंची नसते. आता एखाद्या मोठ्या दुकानात जाऊन चांगल्या प्रतीच्या कॉफीचा पुडा हातात घ्या. त्यावर मळ्याचे नाव असते, झाडाची जात असते, फळे कशी वाळवली ते असते आणि त्याच ओळीत लिहिलेले असते : 'उंची १,२०० मीटर'. भूगोलाच्या पुस्तकात शोभावा असा हा आकडा पिण्याच्या वस्तूवर कशासाठी?

मी पदार्थविज्ञान शिकवतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती निव्वळ जाहिरात वाटली. पुढे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की या एका आकड्यात नववी-दहावीचे निम्मे पदार्थविज्ञान भरलेले आहे. एवढेच नव्हे, तर एका कुटुंबाची वर्षभराची मिळकतही त्यावर टांगलेली आहे. कशी ते पाहण्यासाठी आपण एका मळ्यावर जाऊ.

कर्नाटकात चिकमगळूर जिल्ह्यात बाबा बुदनगिरी नावाची डोंगररांग आहे. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या व या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. या उतारावर १,२०० मीटर उंचीवर चार एकरांचा एक मळा डोळ्यांसमोर आणा. आजोबा, आई-वडील, अकरावीत शिकणारी मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ, एवढे घर. हे कुटुंब माझ्या कल्पनेतले आहे. पण त्याची कामे आणि त्याच्या काळज्या हजारो खऱ्या कुटुंबांच्या आहेत. कॉफी म्हटली की आपल्याला साहेबांच्या अफाट इस्टेटी आठवतात. प्रत्यक्षात आपल्या देशात कॉफी पिकवणाऱ्यांत बहुसंख्य लहान मळेवालेच आहेत.

वर गेले की गार का?

पहिला प्रश्न अगदी साधा. उंचावर गेलो म्हणजे सूर्याच्या जवळ गेलो; मग तिथे गरम होण्याऐवजी गार का होते? जवळ गेलो हे खरे, पण किती? सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात सव्वा किलोमीटर कमी झाले तर काय बिघडले! खरे कारण हवेत आहे. सूर्याचे किरण हवेतून बरेचसे आरपार जातात आणि जमीन तापवतात. तापलेली जमीन मग हवेला तापवते. ही गरम हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ती प्रसरण पावते. प्रसरण पावताना तिला भोवतालची हवा बाजूला ढकलावी लागते, म्हणजेच कार्य करावे लागते. त्यासाठी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते आणि गार होते. सायकलचा पंप मारताना हवा दाबली जाते आणि पंपाचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेल. डोंगरावर नेमकी याच्या उलट क्रिया घडते.

कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८° सें. गार होते. हवेत बाष्प असेल तर त्याचे पाणी होताना अप्रकट उष्णता बाहेर पडते, त्यामुळे घट कमी होते. सरासरी घ्यायची तर दर किलोमीटरला ६.५° सें. धरतात. आता हिशेब करा. चिकमगळूरच्या पश्चिमेला समुद्रकाठी मंगळूर आहे. तिथले वर्षाचे सरासरी तापमान साधारण २७° सें. आपला मळा १.२ किलोमीटर उंच. म्हणून,

२७ – (१.२ × ६.५) = २७ – ७.८ = १९.२

म्हणजे मळ्यावरची सरासरी सुमारे १९° सें. अरबिका जातीच्या कॉफीला साधारण १८° ते २२° सें. सरासरी तापमान मानवते. हा मळा नेमका त्या पट्ट्यात बसला! ६०० मीटरवर हाच हिशेब २३° च्या पुढे जातो. तिथे अरबिकापेक्षा काटक अशी रोबस्टा जात लावतात. आपल्याकडे रोबस्टा साधारण ५०० ते १,००० मीटरवर आणि अरबिका १,००० ते १,५०० मीटरवर होते. आपल्या महाराष्ट्रातही विदर्भातल्या चिखलदऱ्याला थोडी कॉफी होते. तेही ठिकाण हजार मीटरच्या वरच आहे.

मग मुद्दा उंचीचा की तापमानाचा? याचा पुरावा हवाई बेटांवर मिळतो. तिथली 'कोना' कॉफी जगप्रसिद्ध आहे, पण ती साधारण १५० ते ९०० मीटरवरच पिकते. कोनाचा हा भाग विषुववृत्तापासून १९-२० अंश उत्तरेला असल्यामुळे तिथे कमी उंचीवरच पुरेसा गारवा मिळतो. उलट, विषुववृत्तावरच्या केनियात त्यासाठी १,४०० मीटरच्या वर जावे लागते. झाडाला उंची मोजता येत नाही. झाडाला कळते ते तापमान. पुड्यावरची उंची म्हणजे तापमान सांगण्याची एक सोयीची खूण आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

थंडी म्हणजे सवड

मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. जाईसारखा वास सुटतो. दोन-तीन दिवसांत फुले सुकतात आणि फळधारणा सुरू होते. वळीव चुकला तर तळ्यातले पाणी पंपाने फवारून फुले आणावी लागतात. म्हणून त्या दिवसांत घरातले सगळे आभाळाकडे डोळे लावून असतात.

फूल ते पिकलेले फळ हा अरबिकाचा प्रवास आठ-नऊ महिन्यांचा. जागा जितकी गार, तितका तो लांबतो. या लांबण्यातच चवीचे मर्म आहे. झाडाचा जमाखर्च पाहा. दिवसा पाने प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करतात, ही जमा. श्वसन दिवसरात्र चालू असते व त्यात साखर जळते, हा खर्च. तापमान दहा अंशांनी वाढले तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. गार रात्री खर्च कमी, म्हणून शिल्लक जास्त. शिवाय फळ सावकाश पिकत असल्यामुळे ही शिल्लक बियांत साठवायला सवडही मिळते. घाईने भरलेले धान्याचे पोते आणि हलवून, ठोकून, ठासून भरलेले पोते यांत जो फरक, तोच उष्ण जागेतल्या आणि गार जागेतल्या बियांत. गार जागेतले बी अधिक घन व टणक होते. त्यातली साखर, आम्ले आणि इतर द्रव्येच पुढे भाजताना एकमेकांशी क्रिया करतात आणि शेकडो सुगंधी पदार्थ तयार होतात. बियांत जे साठलेलेच नाही, ते भट्टीत कुठून येणार?

लाल तेवढेच

नोव्हेंबर ते जानेवारी हा तोडणीचा हंगाम. एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर, लाल आणि काळसर झालेली फळे असतात. सगळी एकदम ओरबाडली तर काम एका दिवसात होते. पण हिरव्या फळाची चव तुरट आणि अतिपक्व फळाची आंबूस. म्हणून उत्तम कॉफीसाठी फक्त लाल फळे एक-एक करून तोडतात आणि दहा-पंधरा दिवसांनी त्याच झाडाकडे पुन्हा येतात. असे तीन-चार फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला मजुरी लागते. त्यामुळे घरातली सगळी माणसे, शाळेला सुट्टी असली की मुलेसुद्धा, टोपल्या घेऊन उतारावर असतात.

साधारण सहा किलो फळांतून एक किलो कच्ची बी मिळते आणि ती भाजल्यावर आठशे ग्रॅमच्या आसपास उरते. एका कपाला दहा ग्रॅम पूड धरली तर सहा किलो फळांचे ऐंशी कप झाले. म्हणजे तुमच्या एका कपात ७५ ग्रॅम फळे, सुमारे चाळीस, हाताने निवडून तोडलेली!

संध्याकाळी फळे पाण्याच्या टाकीत ओततात. भरलेली फळे बुडतात. किडकी, पोचट फळे तरंगतात. आर्किमिडीजचा नियम येथे फुकटात निवडणी करून देतो. तरंगणारी फळे काढून वेगळी, स्वस्तात विकतात.

बुडालेल्या फळांचा गर त्याच रात्री यंत्राने काढतात. आत दोन बिया, त्यांवर एक चिवट टरफल आणि टरफलावर बुळबुळीत थर असतो. हा थर पाण्याने नुसता धुऊन जात नाही. तो टाकीत आंबवून सैल करतात. येथेही तापमानच! सूक्ष्मजीव उबेत भराभर काम करतात, गारव्यात सावकाश. म्हणून काही रात्री २४ तासांत काम होते, तर काही वेळा ३६ तास लागतात. घड्याळ पाहून चालत नाही. आजोबा टाकीत हात घालून मूठभर बिया चोळतात. बुळबुळीत लागण्याऐवजी खडे चोळल्यासारखे खरखरीत लागले की ते म्हणतात, "आता धुवा." चार-सहा तास उशीर झाला तर बियांना आंबट वास लागतो आणि तो पुढे कशानेही जात नाही.

पाण्याचा हिशेब

धुतलेल्या ओल्या बियांत सुमारे ५५ टक्के पाणी असते. ते ११ टक्क्यांवर आणायचे असते. एक गणित करा : अशा १०० किलो ओल्या बियांतून किती पाणी घालवावे लागेल? घाईने उत्तर द्याल तर म्हणाल, ५५ वजा ११ म्हणजे ४४ किलो. हे चूक आहे. वाळल्यावर एकूण वजनच बदलते ना! पाणी सोडून उरलेला भाग ४५ किलो; तो काही उडून जात नाही. शेवटी हे ४५ किलो एकूण वजनाच्या ८९ टक्के असायला हवेत. म्हणून शेवटचे वजन ४५ ÷ ०.८९ = ५०.६ किलो. उडालेले पाणी ४९.४ किलो, म्हणजे जवळजवळ पन्नास किलो.

एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. पन्नास किलोंना सुमारे १,२०,००० किलोज्यूल, म्हणजे ३३ युनिट वीज. एवढे काम सूर्य आणि वारा आठ-दहा दिवसांत करून देतात. पण त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

बीच्या पृष्ठभागावरचे पाणी पटकन उडते. आतले पाणी मात्र विसरणाने हळूहळू बाहेर येते. ऊन फार कडक असेल तर वरचा थर कडक होतो, टरफल तडकते आणि आत ओल राहते. वाळायला फार वेळ लागला तर बुरशी येते. म्हणून बिया बाजेसारख्या उंच जाळीवर तीन-चार सेंटिमीटरच्या पातळ थरात पसरतात. त्यामुळे वारा वरून व खालून दोन्हीकडून लागतो. दिवसभर त्या वरचेवर हलवतात, भर दुपारी झाकतात आणि संध्याकाळी पुन्हा झाकतात. रात्री हवेचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की दव पडते आणि दिवसभर उडवलेले पाणी परत येऊन बसते. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तर मध्यरात्री सगळे घर ताडपत्र्या घेऊन धावते.

बी वाळली की नाही हे आजोबा दाताखाली धरून ओळखतात. मुलगी व्यापाऱ्याकडच्या आर्द्रतामापकावर त्याचा पडताळा घेते. हे यंत्र बियांचा विद्युत गुणधर्म मोजते. पाण्याचा परावैद्युतांक सुमारे ८० आणि कोरड्या बियांचा त्याच्या मानाने फारच थोडा, म्हणून थोडीशी ओलसुद्धा यंत्राला लगेच कळते. आजोबांचे दात आणि यंत्र यांचे बहुधा एकमत होते!

शंभरांपैकी ऐंशी

एवढा खटाटोप कशासाठी? १९७४ साली अर्ना क्नुटसेन या कॉफीच्या व्यापारातल्या बाईंनी 'स्पेशॅलिटी कॉफी' हा शब्द वापरला. विशिष्ट हवामानाच्या लहानशा प्रदेशात पिकलेली, स्वतःची वेगळी चव असलेली कॉफी, असा त्यांचा अर्थ होता. पुढे तिची परीक्षा ठरली. कच्च्या बियांचा ३५० ग्रॅम नमुना घेऊन त्यातले दोष मोजतात. मग ठरावीक वजनाची भाजलेली पूड, ठरावीक पाणी, सुमारे ९३° सें. तापमान, अशी काटेकोर कॉफी करून जाणकार ती चमच्याने चाखतात आणि गुण देतात. शंभरांपैकी ऐंशी किंवा अधिक मिळाले तर ती 'स्पेशॅलिटी', हा निकष जगभर रूढ झाला.

आजोबांच्या तरुणपणी असे काही शक्यच नव्हते. १९४२ च्या कॉफी कायद्याने कॉफी बोर्ड स्थापन झाले आणि मळेवाल्यांना आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावे लागे. तिथे प्रतीनुसार सगळ्यांची कॉफी एकत्र होई. त्यामुळे पडत्या भावात आधार मिळे. पण एका-एका लाल फळासाठी फेरे मारणाऱ्याची कॉफी आणि शेजाऱ्याची कॉफी एकाच ढिगात जाई. १९९० नंतर हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि १९९६ पासून मळेवाले आपली सर्व कॉफी स्वतः विकू लागले. तेव्हाच लहान मळ्याला स्वतःचे नाव आणि स्वतःची उंची पुड्यावर लिहिण्याची वाट मिळाली. २०१९ साली चिकमगळूर, बाबा बुदनगिरी, कूर्ग आणि आंध्र प्रदेशातले अराकू खोरे येथील अरबिकांना भौगोलिक मानांकनही मिळाले.

साध्या अरबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारावर अवलंबून असतो. १९७५ च्या जुलैत ब्राझीलमध्ये कडाक्याची थंडी पडून कॉफीची झाडे करपली आणि जगभर भाव चढले. दुसऱ्या एखाद्या वर्षी तिथे उदंड पीक आले की इथे भाव कोसळतो. त्यावर चार एकरवाल्याचा काय इलाज? त्याच्या हातात एकच गोष्ट आहे : चव. ती चांगली साधली तर बाजारभावापेक्षा वरचा दर मागता येतो. मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघतो तो त्या वरच्या दरातून.

आकडा तोच, अर्थ वेगळा

आता लक्षात ठेवायला सांगितलेले वाक्य आठवा. पुड्यावरची उंची ही तापमानाची खूण आहे. मग तापमानच बदलले तर?

दर किलोमीटरला ६.५° म्हणजे एका अंशाला १,००० ÷ ६.५ = सुमारे १५४ मीटर. मळ्यावरची सरासरी १° ने वाढली तर झाडाच्या दृष्टीने १,२०० मीटरवरचा मळा १,०४६ मीटरवर उतरला. २° ने वाढली तर तो ८९२ मीटरवर, म्हणजे रोबस्टाच्या पट्ट्यात आला. डोंगर जागचा हलला नाही, पुड्यावरचा आकडाही बदलला नाही. पण त्या आकड्याचा अर्थ घसरला.

ही केवळ कल्पना नाही. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७° सें. वाढले. आपल्या हिशेबाने ही १०८ मीटरची घसरण झाली. अर्थात हा साऱ्या देशाचा सरासरी आकडा आहे. एखाद्या मळ्यावर तो कमी किंवा जास्त असू शकेल. पण दिशा स्पष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, मग मळा दीडशे मीटर वर न्यावा! येथे भूमिती आडवी येते. डोंगर शंकूच्या आकाराचा असतो असे धरा. या भागातले मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर सुमारे १,९३० मीटरचे आहे. तेवढ्याच उंचीच्या शंकूवर १,००० मीटरच्या वरची जमीन आणि १,१५० मीटरच्या वरची जमीन यांची तुलना करू. शिखरापासून खाली मोजले तर अंतरे ९३० आणि ७८० मीटर. शंकूचे क्षेत्रफळ या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. (७८० ÷ ९३०) चा वर्ग सुमारे ०.७०. म्हणजे दीडशे मीटर वर सरकताच तीस टक्के जमीन गेली! आणि वर मोकळे रान नाही. तिथे गवताळ माथे आणि शोला जंगले आहेत, ज्यांच्यामुळे खालचे ओढे वाहतात. ती तोडून मळे करणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे. शिवाय चार एकरांच्या घराला नवी जमीन कोण देणार? मळ्याला पाय नसतात.

उष्णतेबरोबर शत्रूही बळावतात. पांढरा खोडकिडा हा आपल्याकडच्या अरबिकाचा सर्वांत मोठा वैरी. त्याचा भुंगा उघड्यावरच्या, ऊन लागलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालतो आणि अळी खोड पोखरते. असे झाड उपटून जाळावे लागते. नवीन झाड लावले तर फळ धरायला तीन-चार वर्षे. ती वर्षे घर कशावर चालवायचे?

सावलीचा हिशेब

आपल्याकडे कॉफी उघड्यावर लावत नाहीत. खाली पांगारा आणि वर फणस, उंबर, सिल्व्हर ओक अशी दुमजली सावली असते. सिल्व्हर ओकच्या खोडावर मिरीचे वेल चढवतात. ही सावली दोन प्रकारे काम करते. पाने ऊन अडवतात. शिवाय मुळांनी ओढलेले पाणी पानांतून बाष्परूपाने बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. खळ्यावर बिया वाळवणारी जी अप्रकट उष्णता, तीच येथे मळा गार ठेवते.

पण सावली फुकट मिळत नाही. दाट सावलीत फुले कमी येतात, म्हणजे फळेही कमी. म्हणून या घरातही वाद झाला. वडिलांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज होते. त्यांचे म्हणणे, वीस-पंचवीस सिल्व्हर ओक विकू. लाकडाचे पैसे येतील आणि ऊन मिळाल्यावर दोन-चार वर्षे पीकही वाढेल. आजोबा म्हणत, "आणि पाचव्या वर्षी?" मुलीने वाद घातला नाही. तिने शाळेच्या शिक्षकांकडून दोन तापमापके आणली. एक उघड्यावर आणि एक झाडांच्या सावलीत, दोन्ही सारख्याच उंचीवर, सारख्याच पांढऱ्या आडोशाखाली टांगली. मार्च ते मे रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला वहीत नोंद केली. दुपारी सावलीत दोन-तीन अंश कमी भरू लागले.

"म्हणजे आपला मळा तीनशे-चारशे मीटर वर गेला!" धाकटा भाऊ म्हणाला. मुलीने त्याला थांबवले. पहाटेच्या नोंदी उलट होत्या. झाडांची छत्री रात्री जमिनीची उष्णता लवकर निसटू देत नव्हती, त्यामुळे सावलीत थोडेसे उबदारच होते. दिवसरात्रीची सरासरी काढली तर फायदा एका अंशापेक्षा कमी भरला. पण दुपारचा कडाका टळत होता आणि खोडावर ऊन पडत नव्हते. गेल्या शंभर वर्षांनी जे हिरावले, ते सावली बरेचसे परत देत होती. वडिलांनी वही दोनदा वाचली. सिल्व्हर ओक राहिले. कर्जाचा हप्ता मात्र त्या वर्षी उशिरा गेला, हेही सांगितले पाहिजे.

सावली हा कायमचा उपाय नव्हे. दोन-तीन अंशांची सरासरी वाढ झाली तर ती पुरी पडणार नाही. बाळेहोन्नूर येथील केंद्रीय कॉफी संशोधन संस्था १९२५ पासून नव्या जाती आणि लागवडीच्या पद्धती यांवर काम करीत आली आहे. तो दुसरा आधार. आणि तिसरा आधार तुमच्या-माझ्या हातात आहे. हवा तापवणारा धूर कॉफीच्या मळ्यातून निघत नाही. तो आपल्या कारखान्यांतून, विजेच्या भट्ट्यांतून, गाड्यांतून निघतो.

पुढच्या वेळी कॉफीच्या पुड्यावर उंची दिसली तर ती आता तापमापकासारखी वाचा. आणि हा आकडा जपण्यासाठी कोणीतरी रोज सकाळी सहाला उठून वहीत नोंद करीत असेल, हेही आठवा.

करून पाहा

१. मूठभर ओले हरभरे वजन करून सुपात पसरा व रोज एकाच वेळी वजन करा. दिवस आणि वजन यांचा आलेख काढा. वजन सुरुवातीला भराभर व नंतर हळूहळू का घटते?

२. शाळेच्या मैदानात आणि मोठ्या झाडाखाली सारख्याच आडोशात तापमापके टांगून महिनाभर सकाळ-दुपार नोंद करा. फरकाला १५४ ने गुणा, म्हणजे तो किती मीटर उंचीइतका आहे ते कळेल. मात्र केवळ दुपारच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका!

३. तुमच्या गावाची उंची शोधा. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे. दर किलोमीटरला ६.५° धरून दोन्ही ठिकाणच्या सरासरी तापमानात किती फरक असावा, याचे गणित मांडा आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहा. उत्तर जुळले नाही तर ते का जुळले नाही, याचा शिक्षकांबरोबर विचार करा.